सरांच्या लेखनसूचीतली एक नोंद

सरांच्या गौरवग्रंथासाठी लेखनसूची करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी अकोल्याला कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते, अमरावतीला सरांच्या हाताखाली बी.ए. झाले, त्यांनीच लिहिलेलं पाठ्यपुस्तक दरवर्षी वर्गात घेऊन जाते. समितीला माझ्याहून योग्य माणूस दिसत नव्हतं. खरी गोष्ट अशी की मी वीस-बावीस वर्षं सरांवर रागावलेली होते, आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता.

राग कशाचा ते आधी सांगते.

आमचं घर मूर्तिजापूरचं. बाबा रेल्वेच्या छोट्या लाइनीवर, नॅरोगेजवर, गँगमन होते. विहारातल्या कपाटातली पुस्तकं घरी येत-जात, वाचणारेही होते, पण तत्त्वज्ञान हा बी.ए.ला घ्यायचा विषय असतो हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. मी तो घेतला तोही चुकून. अर्थशास्त्राचा तास शोधता शोधता शेजारच्या खोलीत जाऊन बसले. फळ्यापुढे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. त्याच्या चपलांना ओली माती होती. समोरच्या चार मुलांना तो विचारत होता, की वांग्याला कीड कशामुळे लागली हे आपण नक्की कसं सांगतो? मी हात वर करून म्हटलं, "सर, शेजारच्या वावरातून येते."

"उत्तर चूक आहे," ते म्हणाले. "पण का चूक आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही. बस."

मी बसले ती तीन वर्षं.

सर भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या घरातले. वर्गात एकदम पुस्तकी बोलायचे, आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की, "काय वं, जेवली काय? गाडीची वेळ झाली न तुही?" ही दोन माणसं एकाच सदऱ्यात कशी राहतात याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. रोज सकाळच्या पॅसेंजरने मी बडनेऱ्याला उतरायची, तिथून ऑटोने कॉलेजात. गाडी उशिरा आली तर सर तास मागे ढकलायचे. माझ्यासाठी वेळापत्रक हलवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणून मी त्यांना फार मानायची.

शेवटच्या वर्षी, परीक्षेला दोन महिने होते तेव्हा, मला स्थळ आलं. मुलगा तिवशाचा, तलाठी. घर चांगलं, माणसं सभ्य, मुलगाही मला वाईट वाटला नव्हता. पण त्यांना लग्न मे महिन्यातच हवं होतं, आणि मला एम.ए. करायचं होतं. बाबा म्हणाले, "सरकारी नोकरीवाला पोरगा आहे. असं घर पुन्हा दारात येत नाही." मी दुसऱ्या दिवशी विभागात गेले आणि सरांना सगळं सांगितलं.

सर उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाले, "लग्न कर. एम.ए. नंतरही करता येतं."

"सर, नंतर कोण करू देते?"

"चांगली माणसं आहेत म्हणतेस ना? मग करू देतील."

एवढंच. त्यांनी पेन पुन्हा उचललं. मी बाहेर आले, आणि नळापाशी तोंड धुण्याच्या निमित्ताने बराच वेळ उभी राहिले. तीन वर्षं हा माणूस आम्हाला सांगत होता की दुसऱ्याने दिलेलं उत्तर तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि माझ्या प्रश्नावर त्याच्याकडे शेजारपाजारच्या बायांकडे असतं तेच उत्तर होतं. मला वाटलं, चार बामणा-कुणब्यांच्या पोरींना हा असं म्हणाला असता का? असं वाटलं हे खरं. ते बरोबर होतं की नाही, आजही माहीत नाही.

तेव्हा अकोल्याहून एक साप्ताहिक निघायचं, आता ते बंद आहे. त्यात "ताईला विचारा" नावाचं सदर होतं. सासूचा जाच, नवऱ्याचं व्यसन, केस गळणं, काहीही विचारावं. ताई उत्तर द्यायची. मूर्तिजापूरच्या स्टेशनवर ते मिळायचं आणि मी गाडीत वाचायची. मी ताईला पत्र लिहिलं. ओळख पटू नये म्हणून तलाठ्याचा मास्तर केला, बाबांना सुतार केलं, तिवशाचं नाव गाळलं. गावातल्या पोस्टात टाकलं असतं तर पोस्टमनला अक्षर कळलं असतं, म्हणून बडनेऱ्याच्या स्टेशनबाहेरच्या पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर छापून आलं. लहानसंच होतं. ताईने लिहिलं होतं, की मुलाला स्वतः पत्र लिही, दोन वर्षं थांबायला सांग. वडिलांमार्फत निरोप धाडू नकोस. आणि शेवटी एक ओळ होती: तो थांबला नाही तर त्याला वाईट समजू नकोस, स्वतःलाही समजू नकोस.

मी ते कात्रण तर्कशास्त्राच्या वहीत चिकटवलं आणि तलाठ्याला पत्र लिहिलं. तो थांबला नाही. त्याच्या वडिलांनी माणूस पाठवून सोयरीक मोडल्याचं कळवलं. बाबा माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. जेवताना ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. त्या चार महिन्यांत मी ती शेवटची ओळ किती वेळा वाचली असेल! एम.ए. झालं, नेट झालं, अकोल्याला नोकरी लागली. तिशीत लग्न केलं, बडनेऱ्याच्या रेल्वे ऑफिसातल्या माणसाशी, आणि आमचं बरं चाललं आहे. सरांकडे मात्र मी गेले नाही. ताईचे उपकार आणि सरांचा राग, दोन्ही मी आपापल्या जागी नीट ठेवून दिले होते.

शेवटी समितीला हो म्हटलं ते उत्सुकतेपोटी. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अमरावतीच्या घरी गेले तर मागच्या अंगणात वांग्याच्या ओळींत उकिडवे बसलेले. मला पाहून म्हणाले, "ये माय. किती दिवसांनी येऊन राहिली." काकूंनी चहा टाकला. राग धरून आलेल्या माणसाला असं स्वागत मिळालं की पुढे काय करायचं ते कळत नाही.

सरांचं लेखन तीन खताच्या पिशव्यांत भरलेलं होतं. मी दर रविवारी अकोल्याहून जायला लागले. पहिल्या पिशवीत जे असेल असं वाटलं तेच होतं: कार्यकारणभावावरचा प्रबंध, पाठ्यपुस्तकं, परिषदांतले निबंध. दुसरी उघडली आणि माझा गोंधळ सुरू झाला. रेडिओवरची भाषणं. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची मानपत्रं. तीसेक मंगलाष्टकं, त्यांत नवरा-नवरीच्या नावाची जागा कोरी. भाजीपाल्याच्या रोगांवर "एक बागाईतदार" या नावाने चालवलेलं सदर. एक रहस्यकथा, जिच्यात खून होतो पण खुनी शेवटपर्यंत सापडत नाही. आणि एका वर्तमानपत्रातला पत्रव्यवहार: "एक आस्तिक" आणि "एक नास्तिक" यांचा सहा आठवडे चाललेला कडाक्याचा वाद. दोघांच्याही पत्रांचे कच्चे खर्डे सरांच्याच अक्षरात होते.

"सर, हे दोघंही तुम्हीच?"

"हो ना. आस्तिकाले कोणी नीट उत्तर देऊन नव्हतं राहिलं."

"मग तुमचं मत कोणतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "नास्तिकाचं शेवटचं पत्र चांगलं जमलं होतं," ते म्हणाले. "पण मले पटला आस्तिक."

मी वहीत काय लिहावं? विषयवार सूची करायची तर हा माणूस कोणत्या विषयात बसवायचा? मी रकाने पाडायची आणि पुढच्या रविवारी खोडायची.

तिसऱ्या पिशवीत तळाशी एक फाइल होती. वर "इतर" असं लिहिलेलं. उघडली तर "ताईला विचारा"ची कात्रणं, ओळीने लावलेली. प्रत्येक कात्रणामागे टाचणीने खर्डा टोचलेला, परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहिलेला. मला आधी वाटलं सरांनी आवडलं म्हणून जमवलं असेल. मग खर्डे का असतील? मी पानं उलटत गेले, आणि माझं उत्तर निघालं.

खर्डा निळ्या शाईत होता, गोल, टपोऱ्या अक्षरात. ते अक्षर सरांचं नव्हतं. फक्त शेवटची ओळ, तो थांबला नाही तर, ही लाल शाईत होती. आणि ते अक्षर मी तीन वर्षं माझ्या उत्तरपत्रिकांच्या समासात पाहिलं होतं.

मी फाइल घेऊन अंगणात गेले. सर पाटाला पाणी सोडत होते.

"सर, ही ताई कोण?"

"मीच," ते सहज म्हणाले. "संपादक मित्र होता. बाईचं नाव पाहिजे म्हणे, नाहीतर बाया लिहीत नाहीत."

"हे पत्र माझं होतं."

सरांनी कात्रण हातात घेतलं नाही. "मालूम आहे," ते म्हणाले. "तुहा तो वाकडा 'ण' मी तीन वर्षं तपासला."

मी म्हटलं, "तुम्ही मला विभागात 'लग्न कर' म्हणाला होतात. तोंडावर एक आणि छापून दुसरं? असं कावून, सर?"

ते बांधावर बसले. म्हणाले, तू येण्याच्या आदल्या दिवशी तुझे वडील आले होते. पोरीला समजवा म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना शब्द दिला. शब्द पाळला. नंतर तुझं पत्र आलं. ताईने कोणाला शब्द दिला नव्हता.

"मी बावीस वर्षं तुमच्यावर रागावलेली होते," एवढं तोंडातून निघालं.

सरांनी पाटात अडकलेलं पान काढून टाकलं. मग म्हणाले, "मग राहू दे थोडा राग. मी त्या दिवशी तसं म्हणालो होतो, हे काही खोटं नाही ना."

अकोल्याला परतताना मी मूर्तिजापूरला उतरले. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, कान थोडे कमी, बाकी ठणठणीत. मी जोराने विचारलं, "बाबा, ते तिवशाचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही कॉलेजात सरांना भेटले होते का?"

"मी? मी कायले भेटू?"

"आठवा न. माझ्या बी.ए.च्या वर्षी."

बाबांनी डोकं खाजवलं. "एक डाव गेलतो. तुहा दाखला आणायले. एका चष्मेवाल्यानं चहा पाजला होता, लय बोलला माह्याशी. वांग्याचं काहीतरी इचारत होता."

"तुम्ही रडले होते का त्याच्यासमोर?"

"कोण, मी?" बाबा चिडलेच. "थो शिपाई होता का सर होता, मले काय मालूम? आन् मी कायले रडू त्याच्यापुढं?"

आईकडे पाहिलं तर ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुह्या बापाच्या डोयात तवा मोतीबिंदू होता. सदानकदा पाणीच यायचं."

मी हसले की नाही ते आठवत नाही. गाडीत बसल्यावर मात्र डोकं गरगरायला लागलं. वर्गात मी मुलांना सांगते, दोन विधानं एकमेकांच्या विरुद्ध असली की दोन्ही खरी असू शकत नाहीत. इथे सर खोटं बोलत नव्हते, बाबाही बोलत नव्हते.

पुढच्या रविवारी सर कुठे व्याख्यानाला गेले होते. घरी काकू एकट्या. भाजी चिरत बसल्या होत्या, मीही विळी ओढून घेतली. बोलता बोलता फाइलचा विषय काढला आणि त्यांना तो निळ्या शाईचा खर्डा दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"हे माझं अक्षर," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी यांना कावीळ झाली होती ना. महिनाभर अंथरुणात. डोळे हळदीसारखे. मग पत्रं मीच उघडायची आणि उत्तरंही मीच लिहायची. तशी आधीही बरीच मीच लिहायची. यांना केस गळण्याबद्दल काय कळते?"

विभागातल्या त्या भेटीनंतर महिनाभर सर कॉलेजात आले नव्हते, हे मला तेव्हा एकदम आठवलं.

"पण सर म्हणतात त्यांनी माझं अक्षर ओळखलं."

"ओळखलं असेल बापा. पण पत्र तर मी वाचून दाखवलं. त्यांना अक्षर दिसत कुठे होतं?" काकूंनी वांग्याचा देठ काढला. "तू होतीस का ती? मला वाटलं होतं सुताराची पोर आहे. मी म्हटलं, हुशार पोर दिसते, थांबायला सांगू."

"आणि ही लाल शाईतली ओळ?"

"ती त्यांची. मी एवढं गोड लिहीत नाही."

मी विचारलं, मूळ पत्र कुठे आहे? ते पाहिलं असतं तर काहीतरी कळलं असतं. काकू म्हणाल्या, सगळी पत्रं उत्तर छापून आलं की चुलीत टाकायचो. कोणाच्या लेकीबाळीचं घरातलं असं दुसऱ्याच्या घरात पडून राहू नये.

संध्याकाळी सर आले. मी खर्डा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, की ही ओळ कोणाची? त्यांनी दिव्याखाली धरली. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "पण वाक्य हिचं असलं पाहिजे. हिनं सांगितलं आणि मी लिहिलं. मले असं सुचत नाही."

"मी कशाला सांगू? तुम्हीच उठून बसले आणि पेन मागितलं," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"पेन मागितलं हे खरं. पण तू म्हणत होती तेच लिहिलं."

"काही नाही. तुम्हाला त्या काविळीत काय आठवते?"

दोघंही ती ओळ एकमेकांच्या अंगावर ढकलत होते, आणि मी मध्ये फाइल घेऊन बसले होते. चार महिने बाबा बोलत नव्हते तेव्हा जिच्या आधाराने मी उभी होते ती ओळ, आणि तिचा धनी कोणीच व्हायला तयार नाही. मला रडू आलं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी समोर पाण्याचा गडू ठेवला. सर फार अस्वस्थ झाले. म्हणाले, "तू म्हणशील त्याचं नाव टाक न माय. आम्ही दोघंही हो म्हणू."

तेवढं मला जमण्यासारखं नव्हतं. मी तर्कशास्त्र शिकवते.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी ते सदर सूचीतून काढायला सांगितलं. सरांच्या विद्वत्तेला ते शोभत नाही, म्हणाले. मंगलाष्टकंही वगळा, भाजीपाल्याचं सदरही वगळा. मी आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत आवाज चढवला. म्हटलं, मग सूची दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. दुसरं कोणी त्या पिशव्या उचलायला तयार नव्हतं, म्हणून सगळं सूचीत राहिलं. काकूंना विचारलं, तुमचं नाव घालू का? त्या म्हणाल्या, "नको. माझ्या माहेरच्यांना वाटेल मी लोकांच्या घरात नाक खुपसत होते." शेवटी मी त्या सदरापुढे लिहिलं: लेखक निश्चित नाही, घरातील दोन व्यक्तींचे हस्ताक्षर. संपूर्ण सूचीत अशी नोंद ती एकच.

समारंभ अमरावतीला झाला. सरांनी भाषणात कोणाचेच आभार नीट मानले नाहीत. कार्यकारणभावापासून सुरुवात करून ते टोमॅटोच्या पानांवरच्या ठिपक्यांवर आले आणि तिथेच थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनाही मी आणलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते, पांढरा सदरा घालून. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना सरांपुढे नेऊन उभं केलं. म्हटलं, आता तरी कळेल.

दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

"आपण भेटलो आहे," सर म्हणाले.

"असन," बाबा म्हणाले. "चहा पाजला होता काय तुमी?"

"पाजला असेल."

"मंग तुमीच."

मग दोघं खुर्च्यांवर बसून मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनीबद्दल बोलत राहिले, गाडी कोणत्या वळणावर इतकी हळू व्हायची की माणसं उतरून पुन्हा चढायची, याबद्दल. मी पुढचं काही विचारलं नाही. बाबांचे डोळे पाणावल्यासारखे वाटत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली आहेत.

आठवड्याने सरांचा फोन आला. मी वर्गावर निघाले होते. म्हणाले, "सूची पाहिली. चांगली झाली. पण परिषदांच्या भागात चौदाव्या नंबरचा निबंध आहे ना, तो माझा नाही."

"सर, तो तुमच्याच पिशवीत होता. तुमच्याच अक्षरात."

"हो. मी तो उतरवून घेतला होता, खोडून काढायले. मग खोडता आला नाही." मग म्हणाले, "आता वाचला तर पटून राहिला."

तास सुरू झाल्याची घंटा झाली. मी म्हटलं, सर, मग शुद्धिपत्रात काय लिहू? ते म्हणाले, "घाई नाही. विचार करून सांगतो." त्याला आता दोन महिने झाले.